मुखवट्यांच्या गावात नाना

“एवढ्या लांब आले, आणि बघतायत काय, तर लोकांचे बूट.”

धुळ्याच्या काकू हे आपल्या यजमानांच्या कानाशी म्हणाल्या, पण मफलरमधून निसटलेलं ते वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. व्हेनिसच्या त्या विस्तीर्ण चौकात, फेब्रुवारीच्या पातळ, ताकासारख्या उन्हात, जळगाव-धुळ्याकडून आलेला आमचा सहलीचा गट माना उंचावून उभा होता. समोरून मुखवटे चालले होते: सोनेरी वर्खाचे, मोरपंखी, चंद्रकोरीसारखे अर्धे, पक्ष्यासारख्या लांब चोचीचे, आणि काही नुसते पांढरे, ज्यांच्यावर हसू नव्हतं की दुःखही नव्हतं. प्रत्येकाचा फोन वर धरलेला. आणि त्या सगळ्यांत माझे वडील एकटेच मान खाली घालून, हात पाठीमागे बांधून, फरशीवरून जाणारे पाय पाहत होते. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही नानाच म्हणते.

काकूंना मी काही सांगितलं नाही. अनोळखी माणसांपुढे माझे शब्द नेहमी उशिरा येतात, आणि येतात तेव्हा त्यांची गरज उरलेली नसते. शिवाय सांगायचं तर सावद्यापासून सुरुवात करावी लागली असती.

नानांचं सारं आयुष्य सावद्याच्या केळीत गेलं. भर वाढीच्या बागेत माणसाचा चेहरा दिसत नाही. वर पानांचं छत एकमेकांत मिसळून गेलेलं असतं, त्याखाली वाळलेल्या पानांचे पडदे छातीपर्यंत लोंबत असतात, आणि खाली, खोडांच्या रांगांमधून, येणाऱ्याचे फक्त पाय दिसतात. बाहेर वैशाखाचं ऊन भट्टीसारखं पेटलेलं असलं तरी आत हिरवा, ओला काळोख असतो, आणि नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज. त्या काळोखात नाना बांधावर बसत आणि दूरवर हललेल्या दोन पायांकडे पाहून शांतपणे सांगत, “सुपडू येऊ राह्यला. घरी भांडून आलेला दिसते.” थोड्या वेळाने पानं बाजूला सारून आमचा गडी सुपडूच बाहेर येई, आणि त्याचा चेहरा पडलेलाच असे. लहानपणी एकदा मी त्यांना फसवायला दादाच्या चपला घालून रांगेतून चालत गेले होते. ते पुष्कळ वेळ हसले. मग म्हणाले, “चपला दादाच्या, पण भीतभीत टाकलेलं पाऊल तुझंच न, माय.”

त्यांचा चेहऱ्यांवर विश्वास नाही, असं मला पुढे समजलं. चेहरा माणूस मनासारखा करून घेतो. ज्यांच्याशी त्यांचा रोजचा व्यवहार, ते व्यापारी किती गोड चेहऱ्याने येत. पाऊल मात्र ज्याचं त्याचं असतं.

माझ्या थोरल्या भावाचं, हर्षलदादाचं, पाऊल तर हजारांत वेगळं. शाळेत असताना बागेत उतरवलेला घड त्याच्या उजव्या पायावर पडला, हाड जुळलं, पण पाऊल जरासं आत वळलं ते वळलंच. तो चालला की त्या चालीला एक लपलेला ताल असे, दोन पावलांमध्ये एक छोटा विचार केल्यासारखा. हा दादा शिकायला इटलीत गेला आणि तिकडेच नोकरीला राहिला. त्याचे फोन उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरावं तसे उतरत गेले, आणि एका वर्षी तळ दिसला. आता दिवाळीला एक ओळ येते: मी बरा आहे, काळजी करू नका. कारण आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. कारण असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं, कधीतरी माफही करता आलं असतं. या अकारण शांततेला हात कुठे लावायचा ते घरात कुणालाच कळलं नाही.

म्हणून आमच्याकडची एक सहल व्हेनिसच्या या मुखवट्यांच्या कार्निव्हलला जाते, आणि तिथून दादाचं शहर रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे, हे कळल्यावर नाशिकच्या पलीकडे कधी न गेलेल्या नानांनी दोन जागा धरल्या. मम्मी आली नाही. “मले तठी येऊन नही पाह्यचं,” ती म्हणाली, “त्याले घरी घेऊन या.” मी दादाला दिवस कळवला, जागा कळवली: घड्याळाच्या मनोऱ्याखाली, दुपारभर. त्याचं उत्तर एका शब्दात आलं. बघतो. केळीच्या व्यापारात बघतो म्हणणारा पुन्हा बांधावर येत नाही, हे नानांइतकं कुणाला माहीत असणार. पण त्या एका शब्दावर ते विमानात बसले.

आणि आता ते मनोऱ्याखाली उभे होते. पाण्यावरून येणारं धुकं चौकाच्या कडा पुसत होतं, कबुतरं एकदम उठून एकदम बसत होती, कुठूनतरी व्हायोलिनचा सूर थंडीने आखडून येत होता. रेशमी जोडे, चांदीच्या बकलांचे बूट, झग्यांचे ओले घेर. नानांची नजर त्या पायांवरून, पेरणीनंतर माणूस वाफ्यावरून नजर फिरवतो तशी फिरत होती: घाई नव्हती, अधीरपणा नव्हता, फक्त एक जुनी सवय होती आणि तिच्यावर टेकलेला सगळा जीव.

“नाना, थोडं बसा तरी,” मी म्हणाले.

“बसलो तं पाय नही दिसनार. गर्दी आडवी येते.”

“त्याने मुखवटा घातला असेल तर?”

“तोंड झाकलं तं झाकू दे. पाय कशाले झाकतो कोनी?”

दुपार उताराला लागली. गट कॉफी पिऊन परत आला. काकूंनी आम्हाला बिस्किटांचा पुडा दिला, तो माझ्या हातात तसाच राहिला. आणि तेव्हा, कमानींच्या सावलीतून, एक काळा झगा बाहेर आला. तीन कोनांची टोपी, नुसता पांढरा मुखवटा, हातांवर हातमोजे. उजवं पाऊल आत वळत होतं. दोन पावलांमध्ये तो छोटा विचार होता.

नानांनी माझा दंड धरला. पण ते पुढे धावले नाहीत. आपल्या जागी उभे राहून ते त्या पावलांना आपल्याकडे येऊ देत राहिले, जसे बांधावर बसून येऊ देत. तो काळा झगा समोर आला, थांबला. गांधी टोपी घातलेला एक म्हातारा आपल्याकडे इतकं एकटक पाहतो आहे, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने छातीवर हात ठेवला आणि तिथल्या रीतीप्रमाणे खोल, संथ, कमरेतून वाकून नमस्कार केला.

नानांनी हात पुढे केला आणि त्या वाकलेल्या टोपीवर ठेवला. माझ्या डोक्यावर परीक्षेच्या दिवशी ठेवतात, तसाच. मुखवट्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तो काढायला सांगितलं नाही, नाव घेतलं नाही. मग हात मागे घेऊन ते वळले आणि म्हणाले, “चाल, माय.” ते गर्दीतून पाठमोरे चालत गेले, आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. लपू इच्छिणाऱ्याला लपू द्यावं, एवढी त्यांची माया अदबशीर होती.

मी मागे राहिले, एक क्षणभरच. त्या आकृतीने कमानीखाली जाऊन मुखवटा कपाळावर सरकवला आणि कागदी पेल्यातून काहीतरी गरम प्यायला सुरुवात केली. ती एक बाई होती. नानांपेक्षा वयाने मोठी, गालांवर पावडर सुरकुत्यांत साचलेली, ओठांचा लाल रंग पेल्याला लागलेला. तिने खाली वाकून आपला दुखरा उजवा गुडघा चोळला. माझ्याकडे पाहून ती हसली. मीही हसले.

परतीच्या बोटीत पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं. नाना कठड्याशी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कितीतरी वर्षांनी, पाणी दिलेल्या बागेचा गारवा होता. “तोंड नही दाखवलं त्यानं,” ते म्हणाले. “नसंन दाखवायचं. पण पाया पडला.” थोड्या वेळाने काकूंनी विचारलं, “भेटला का हो मुलगा?” आणि ते सहज म्हणाले, “भेटला.” काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. हॉटेलवर त्यांनी प्रवासात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं, आणि मी दादाचा संदेश आला का म्हणून फोन पाहिला. आला नव्हता. नंतरही आला नाही.

सावद्याला पोहोचलो तेव्हा मम्मी अंगणात खाटेवर बिबड्या वाळत घालत होती. ज्वारीच्या त्या ओल्या चकत्या ऊन पडेल तशा कडक होत होत्या. नाना तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगू लागले: धुकं, मनोरा, वळलेलं पाऊल, टोपीवर ठेवलेला हात. त्यांचे हात हवेत त्याची उंची दाखवत होते. “पुढच्या साली तू चाल,” ते म्हणाले. “तुले तं तोंड दाखवीन तो. मायले नही म्हनत नही कोनी.”

मम्मी ऐकत होती, आणि तिच्या सुकलेल्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू ओलं होऊ लागलं होतं. मला त्याचीच भीती वाटली. आशा अशीच वाढते, एका चुकलेल्या पावलावर; मग वर्षानुवर्षं माणसं परक्या शहरातल्या फरशीवर उभी राहतात, आणि न येणारा येतच राहतो, प्रत्येक वेळी वेगळ्या झग्यात. काळ आपल्या माणसांना नेतो तेव्हा त्यांची चाल मागे ठेवून जातो, आणि ती कुणाच्याही पायांत सापडते.

मम्मीने हातातली बिबडी खाटेवर ठेवली आणि नानांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तू सांग,” ती म्हणाली. “व्हता का तो?”

नानाही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून तो गारवा होता.

“नाही मम्मी,” मी म्हणाले. “ती एक म्हातारी बाई होती.”