सहापैकी दोन विहिरी

दिलगिरीचा मजकूर साडेसहा ओळींचा होता. तिसऱ्या ओळीत माझ्या नावाआधी ‘वार्ताहर’ऐवजी ‘कादंबरीकार’ लिहिलं होतं.

या दैनिकात मी सोळा वर्षं आहे. पहाटे पाच ते सात राक्षस, शापित नद्या, उडती जहाजं लिहिते. दहानंतर पाणी, रस्ते, इस्पितळं. पाच कादंबऱ्या झाल्या. इकडचं एक वाक्य कधी तिकडे गेलेलं नाही.

गेल्या आठवड्यात बॅटरी कारखान्यामागच्या सहा विहिरींचं पाणी मी तपासून घेतलं. दोन विहिरींत शिसं निघालं. बातमीत मी ‘दोन’च लिहिलं. आमच्याकडे मथळा संपादक देतात, आणि संपादक म्हणजे माझा सख्खा मामा. त्याने दिला : ‘सहाही विहिरींत विष’. कारखान्याची नोटीस आली.

“सही कर,” दिलगिरीचा कागद पुढे करत मामा म्हणाला. “सहीच मागतोय, मूत्रपिंड नाही.”

“यात बातमी निराधार म्हटलंय. मामा, अहवाल तुझ्याच टेबलावर आहे.”

“मथळा चुकला म्हणालो तर माझी खुर्ची जाईल. तुझं काय जातंय? राक्षस लिहिणारी बाई, गेली वाहवत, म्हणतील. वर पुस्तकं खपतील ती वेगळीच!”

शेजारचा उपसंपादक मान खाली घालून हसला.

“उद्या हे वाचून लोक पुन्हा त्या दोन विहिरींवर पाणी भरतील. पोरांना पाजतील.”

“फार ताणू नकोस. तुझी आई माझ्या दारात येऊन बसली होती, तेव्हा ही नोकरी लागली.”

दुसऱ्या कादंबरीपासून नोकरी सोडायचं मनात होतं. दरवेळी आईचं नाव निघायचं आणि मी शब्द गिळायचे. आज गिळले नाहीत. पेन घेऊन मी साडेसहा ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं : ‘मथळा चुकीचा होता. तो संपादकांचा. शाळेमागच्या आणि वखारीजवळच्या विहिरीत शिसं आहे. ते पाणी पिऊ नका.’ त्याखाली सही केली.

मामाने वाचलं. “हे छापायला मी काय दूधखुळा आहे?”

“मग मी स्वतः छापून घरोघर वाटते.”

“इथला पगार घेऊन?”

“नाही,” मी म्हणाले. “मी नोकरी सोडतेय, मामा.”