जाळीची झोळी

पितळेची कडी अंगठ्याखाली गार लागत होती. तिच्या आतल्या बाजूला हिरवट डाग होता आणि मालूबाई तो नखाने खरवडत होती – डाग जावा म्हणून नव्हे, नख कशावर तरी चाललं नसतं तर तोंड चाललं असतं म्हणून. तिची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, फोपनारला आली आणि तिला मुलगी झाली, ते हे वर्ष. बाहेर राजेलोकांची संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. पलीकडच्या राज्याचं जंगल आणि इकडच्या सरकारचं जंगल आता एक झालं, म्हणून सातपुड्यातले हद्दीचे दगड नव्याने मोजायचे होते, आणि त्या मोजणीवर साखळी धरायला मालूबाईचा अरविंद निघाला होता. उन्हाळा संपेपर्यंत जंगलातच राहायचं. काम लावून दिलं होतं दिराने, गजाननभाऊजींनी. कुणी सांगितलं होतं?... त्यांनीच. मागच्या खेपेलाही त्यांनीच.

"मावशी, घासू नका," लीलाधर शेठ गादीवरून म्हणाला. "पितळ आहे ते, सोनं नाही निघणार."

अरविंद हसला. मालूबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तिथंच वाळलं.

लीलाधर शेठचं दुकान शहरातल्या इतवाऱ्यात, भर बाजारात. लढाई संपल्यावर पलटणीचा उरलेला माल त्याने लिलावात उचलला होता – बूट, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, ताडपत्र्या, आणि झाडाला बांधून झोपायच्या झोळ्या. त्याने दोन झोळ्या समोर पसरल्या होत्या. एक साधी, जाड कापडाची, दोन्ही टोकांना दोर. दुसरी अमेरिकन शिपायाची – वर पावसाचं छप्पर, चारी बाजूंनी डासांची जाळी, आणि आत शिरायला दातेरी चेन. कडी या दुसरीची होती. मालूबाईने जाळी उचलून रस्त्याकडच्या उजेडात धरली. कोपऱ्यात दोन ठिकाणी उसवली होती, पण ते शिवता येईल. जाळी चांगली होती. जाळीतून इतवाऱ्याचा रस्ता धुक्यातल्यासारखा दिसत होता.

झोळी... घरी कोकिळेची पोर या घटकेला झोळीतच झोपली असेल, मालूबाईच्या जुन्या लुगड्याच्या, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. तान्ह्याला नवं कापड लावत नाहीत. अरविंदही त्याच आढ्याला टांगलेल्या झोळीत निजायचा, आणि त्याच्या बापाला डोंगरातून खाली आणलं तेही झोळीतच, बांबूला बांधलेल्या घोंगडीच्या... नको. ते आत्ता नको.

"साधी घ्या, वहिनी," गजाननभाऊजी म्हणाले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. कचेरीत वर्षानुवर्षं बसून त्यांची मान पुढे आली होती. "मोजणीचे साहेबबी साध्याच झोळीत झोपतात. आता थंडी पडेल, थंडीत डास कुठले? जाळीचे दुप्पट पैसे उगाच."

थंडीत डास कुठले! हे या माणसाने म्हणावं? ज्याचा सख्खा भाऊ हिवतापाने फणफणत गेला त्याने? बांबूतोडीच्या ठेक्यावर तिच्या नवऱ्याला, सुकलालला याच माणसाने चिकटवलं होतं, "रोकडा पैसा आहे, वहिनी," असं म्हणून, आणि सुकलाल जमिनीवर पाचोळा पसरून निजत होता...

"माय, मी तर खालीबी झोपीन," अरविंद म्हणाला. "बाकीचे गडी झोपतातच की. जमीन काय खाते?"

अगदी तेच शब्द. बापाला पाहिल्याचं आठवत नाही या पोराला, आणि शब्द तेच. मालूबाईच्या कानशिलात ऊन भरल्यासारखं झालं. मी काय करू याचं, मी याला बांधून ठेवू की याच्या थोबाडीत मारू – आणि त्याच्या आधी या भाऊजींच्या –

सुकलालला आणलं तो पोळ्याचा दुसरा दिवस होता. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता. दिवस कलताना गाडी शिवेवर आली, आणि बैलांची वेसण धरून गाडीपुढे धावत भाऊजी ओरडत होते, "धुगधुगी आहे! सरका, अजून धुगधुगी आहे! पाणी आणा!" बाहेर मेलेल्या माणसाला गावात आणत नाहीत, घरात तर नाहीच, परस्पर नदीवर नेतात. धुगधुगी म्हटल्यावर लोक बाजूला झाले, गाडी दारापर्यंत आली. मालूबाईने तापीचं पाणी चमच्याने सुकलालच्या तोंडात घातलं. ते ओठाच्या कोपऱ्यातून निघालं आणि कानापर्यंत गेलं. तिने ते पुसलं. कान गार होता, आता ही कडी आहे तसा. आणि गाडीतल्या कडब्याखालून पांढऱ्या कापडाची घडी दिसत होती – कोरी, खळीचा वास असलेली. जिवंत माणसाला घरी आणताना कुणी ते कापड आधी घेऊन येतं का?

 तिने आणखी एक चमचा घातला. मग आजूबाजूच्या बायकांनी हंबरडा फोडला तेव्हा तिनेही फोडला. तेव्हापासून सगळं गाव म्हणतं, सुकलाल बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला, पुण्यवान. आणि मी प्रत्येक वेळी मान हलवते! मेलेल्याला पाणी पाजायला लावलं या माणसाने मला, आणि वर मान हलवायलाही.

"ही," मालूबाई म्हणाली. "जाळीची."

लीलाधर शेठने भाव सांगितला. चढा सांगितला, तोडायला जागा ठेवून सांगतात तसा.

"दे बांधून."

तिने कनवटीची गाठ सोडून पैसे गादीवर टाकले. शेठचा हात सुतळीवर होता तो तिथंच राहिला. शेजारी एक बाई पाण्याच्या बाटलीचं बूच फिरवून पाहत होती, तिने बूच सोडून दिलं.

"मावशी," शेठ हळू आवाजात म्हणाला, "असं नका घेऊ."

"काहून? खोटे आहेत का पैसे?"

"कापड आहे हे, मावशी. काहीतरी तोडा. चार आणे तोडा, लुटारू म्हणा, शिवी द्या मला... पण भाव करा. असं मी नाही देणार."

तेव्हा तिला कळलं. भाव न करता एकच कापड घेतात, मेलेल्यावर घालायचं. त्याचा भाव करत नाहीत, दुकानदारही नफा धरत नाही, कुणी काही बोलत नाही. आणि तिने पोराच्या अंथरुणाचं कापड तसं... रागाच्या भरात...  बोलायला हवं होतं. महाग आहे, एवढंच. 

"महाग आहे!"

गजाननभाऊजी. गादीवरचे पैसे त्यांनी ओंजळीने गोळा करून तिच्या हातात परत कोंबले. "महाग आहे हे, शेठ! जाळी उसवली, चेनीचे दात पडले, कडीला जंग. मेल्या गोऱ्याचा माल आणि भाव शालूचा? गिऱ्हाईक मी आहे. कापड मी घेतोय. बोला माझ्याशी!"

"परवडत नाही, साहेब! पोरं उपाशी मरतील माझी!" शेठ जोरात ओरडला, आणि त्याचा जीव भांड्यात पडल्याचं सगळ्यांना दिसलं.

"मरू द्या! अर्ध्यात द्या!"

भाऊजी भांडत होते. दोनदा दुकानाच्या पायऱ्या उतरले, दोनदा परत चढले. आवाज चिरकला होता, टोपी हातात चुरगळली होती. भाजीवालीशी दमडीसाठी हुज्जत घालणारा हा माणूस... मालूबाई पाहत राहिली. म्हणजे त्या दिवशीही हा असाच कुठल्या तरी गादीसमोर उभा राहिला असेल, एकटा, आणि भाव केला नसेल. सांगितला तेवढा पैसा ठेवला असेल. आणि मग घडी कडब्याखाली सारून, तोंड कोरडं पडेपर्यंत धुगधुगी धुगधुगी ओरडत...

सौदा झाला. अरविंदने झोळी खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. चालताना कडी वाजत होती.

"भाऊजी," मालूबाई म्हणाली. "गाडी कुठं उभी केली होती?"

"कोणती गाडी?"

"कापड घेतलं तेव्हा."

भाऊजी थांबले नाहीत, पण त्यांचं पाऊल आखूड झालं. 

"इथंच," ते म्हणाले. "त्या वळणावर, सावलीला."

"गाडीजवळ कुणी होतं?"

"कुणीच नाही."

तिने वळणाकडे पाहिलं. एक म्हातारा तिथं पेरू विकत होता. राग होता, अजून होता, छातीत जिथं बसायचा तिथंच; पण इतकी वर्षं तो भाऊजींकडे तोंड करून बसला होता, आणि आता त्याला कुणीकडे तोंड करावं ते उमगत नव्हतं. माफ केलं असं काही तिला वाटलं नाही. फक्त उद्या कुणी पुण्यवान म्हणालं, तर मान हलवणं होईल की नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

अरविंद रांगू लागला त्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सुकलाल वारला. वाटेत, गाडीत. घरी नाही.