सहाच्या जागी आठ

इमासने पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधला छोटासा बदल, चौथ्यांदा परत आला, तेव्हा तिने समोरची तळलेल्या बातागोरची बशी बाजूला सारली आणि चटणीचं बोट तसंच पडद्यावर टेकवलं.

"बघा कांग, अबाहंचं उत्तर. 'अडतिसाव्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्त आहे.' बस्स. एवढंच!"

"मागच्या वेळी काय होतं?" शेजारच्या टेबलावरून यायातने विचारलं.

"स्वल्पविरामानंतर स्पेस नव्हती."

यायात पोट धरून हसला. ती त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणे आणि तो तिला नेंग, म्हणजे पोरी. "नेंग, म्हाताऱ्याला आतलं काही कळेनासं झालंय गं. म्हणून अंगणच झाडत बसलाय."

बांडुंगच्या त्या लहानशा कचेरीत हे सगळेच म्हणायचे, फक्त आवाज जरा खाली आणून. मासेमारीच्या होड्यांवरच्या संगणकाच्या खोक्यांत जी प्रणाली चालते, तिचा कर्नेल, म्हणजे अगदी आतला गाभा, रुक्मानांनी तरुणपणी लिहिला होता; आता सगळे त्यांना अबाह, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यातल्या नेटवर्कच्या भागात आजही त्यांच्या होकाराशिवाय एक ओळ शिरत नसे. त्यांनी तो लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर फक्त तारा होत्या, आणि तारेच्या जोडणीचा पत्ता सहा बाइटचा असतो. इमासला त्यात वादळाची सूचना होडीपर्यंत पोचवणाऱ्या रेडिओची जोडणी बसवायची होती. या रेडिओचा पत्ता आठ बाइटचा, त्यामुळे गाभा त्याला जोडणी मानायलाच तयार नव्हता.

नव्या आवृत्तीत बदल घेणं शुक्रवारी बंद होणार होतं. पॅच तोवर आत गेला नाही, तर यंदाचा पश्चिमेच्या वाऱ्याचा वादळी मोसम होड्यांना वादळाच्या सूचनेशिवायच काढावा लागणार होता. पालाबुहानरातूच्या बंदरातून इमासचा थोरला भाऊ दारसा रोज होडी बाहेर काढतो. कचेरीत ती त्याचं नाव घेत नसे, पण तिची सगळी घाई त्याच्यासाठीच होती.

तिने अडतिसावी ओळ नीट केली. अबाहंचा तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव आली होती. मागच्या सभेत कागद डोळ्यांपाशी नेऊन वाचणारे अबाह तिने पाहिले होते. पाठवण्याआधी ती जरा थांबली आणि खाली एका ओळीच्या शेवटी मुद्दाम एक स्पेस टाकली.

"हे काय?" यायात मागे येऊन उभा होता.

"सापडायला काहीतरी नको का त्यांना? सापडेल, स्वतःच पुसतील, मान राहील आणि होकार देतील."

"वा! रडत्या पोराला खुळखुळा."

"असं नका बोलू, कांग." असं म्हणत तिने पॅच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. एरवी एका ओळीत आटपणाऱ्या अबाहंनी या वेळी पडदाभर लिहिलं होतं. इमास वाचायला लागली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

'नेंग, ती स्पेस तू मुद्दाम ठेवलीस. तुझा हात एवढा ढिला नाही. पुसली. अंगण स्वच्छ झाल्याशिवाय मी घरात पाऊल ठेवत नाही, ही माझी जुनी खोड. आता आत आलो आहे. पत्ता जिथे उतरवून घेतेस तिथली जागा अजून माझ्याच वेळची आहे, सहा बाइटची. तू तिथे आठ ओततेस. वरचे दोन शेजारच्या जोडणीच्या पत्त्यावर सांडतात. तुझ्या टेबलावर एकच रेडिओ असणार, शेजारी कोणी नाही, म्हणून तुला ते दिसलं नाही. होडीवर दोन बसवणार आहेत. तिथे पहिला दुसऱ्याला मुका करील. उद्यापर्यंत दुरुस्त कर. मी वाट पाहतो.'

तिने ती जागा उघडून पाहिली. अबाह शब्दन् शब्द खरं सांगत होते. पण होडीवर दोन रेडिओ असणार, हे या माणसाला कसं ठाऊक? समुद्राचं वारं न सोसणारा, डोंगरावरच्या लेंबांगच्या थंडीत राहणारा माणूस हा.

पॅचखाली 'चाचणी करणारा' म्हणून तिने भावाचं नाव आणि नंबर घातला होता. कोणीतरी तपासलं आहे, हे दाखवायची रीतच असते. त्या नंबरावर सहसा कोणी फोन करत नाही.

तिने दारसाला, तिच्या 'आ'ला, म्हणजे थोरल्या दादाला, फोन लावला. मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"आ, तुला इकडून कोणाचा फोन आला होता?"

"आला की. अबाह कोणीतरी. गोड माणूस गं! कितीतरी वेळ बोलला. जाळी कुठे ठेवतोस, खोकं कुठे बांधतोस, भिजतं का, सगळं विचारलं."

"आणि रेडिओ?"

"दोन बसवणार म्हटलं. एक बंद पडला तर हाताशी दुसरा हवाच."

"मग मला का नाही सांगितलंस, आ?"

घरघर थांबली. त्याने इंजिन बंद केलं असावं.

"तू विचारलंस कधी?" दारसा म्हणाला.