बागेतली नळी

काट्याचं मधलं टोक वाकलेलं होतं... आईचा काटा, पाहुण्यांना द्यायचा नाही म्हणून रिन्स्केनं स्वतःकडे ठेवलेला, आणि त्या वाकड्या टोकानं ती सफरचंदाचा केक नुसताच टोचत बसली होती. भिंतीलगत खुर्च्यांचं कडं. येणारा प्रत्येक जण आधी वीबेचा हात हातात घेई, मग तिचा – "अभिनंदन, रिन्स्के, नवऱ्याला ऐंशी पूर्ण झाल्याबद्दल!" वाढदिवस एकाचा, अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं, लहानपणापासून हे असंच, आणि तीही लहानपणापासून हसून आभार मानत आलेली.

"वीबे, ती नळीची गोष्ट सांगा ना," यॉरित म्हणाला. वीबेचा विद्यार्थी, आता त्यालाही टक्कल पडलेलं.

"सांगा, सांगा," शेजारची योपी म्हणाली. "केक संपेपर्यंत ऐकते. पुढची हमी नाही."

वीबे खुर्चीत पुढे सरकला. जोडतारा... एक तारा दुसऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, पण सगळा काही त्याला गिळवत नाही, उरलेला दोन्ही बाजूंनी फवाऱ्यासारखा उडतो. वेधशाळेतल्या चित्रांत मात्र फवारा सरळ दिसेना, नागमोडी दिसे. "आणि एका संध्याकाळी बागेला पाणी घालताना मी नळी सहज गोल फिरवली – पाण्याचं मळसूत्र! म्हणजे फवाऱ्याचं तोंडच फिरतंय! ही आत सूप ढवळत होती, मी ओरडतच आत धावलो."

नळी माझ्या हातात होती, रिन्स्केला आठवलं. डावा बूट पाण्यानं भरला होता, नवा, तपकिरी... आणि ओरडले मी. तो खिडकीत आला, हातात सुपाचा डाव, म्हणाला, "फुलं बुडवशील!" आम्ही दोघंही एकाच वेधशाळेत, पण शोधनिबंधावर त्याचं एकट्याचं नाव गेलं, तेव्हा म्हणाला, "तुझं-माझं काय वेगळं आहे?" आणि ते तिनं सोसलं, कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं – एवढी वर्षं तिला वाटत होतं, ती संध्याकाळ त्याच्यापाशी जपून ठेवलेली आहे, कधीतरी, अशाच एखाद्या कड्यात, तो ती परत करील.

"हो ना, रिन्स्के? वाटाण्याचं सूप होतं."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. खोटेपणा असता तर बरं झालं असतं. डोळे स्वच्छ होते, लहान मुलासारखे. तिथे चोरलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे परत करण्याजोगंही काही नव्हतं.

"वाटाण्याचं? ते थंडीतलं सूप, ऐन उन्हाळ्यात?" योपी खिदळली.

"टोमॅटोचं," रिन्स्के म्हणाली. "आणि मीठ घालायला तू विसरला होतास."

"म्हणजे सूप ढवळत कोण होतं?" योपीनं विचारलं, आणि सगळं कडं हसलं. वीबेही हसला, मग थांबला; कपाळाला आठी घालून तो आत कुठेतरी शोधू लागला... खिडकी, डाव, कुणाचा तरी आवाज...

तो शोधत होता, आणि तिच्या डाव्या पायाला गार लागत होतं. इतकी वर्षं जे त्याला सापडावं म्हणून ती थांबली होती, ते आता त्याच्या हाती लागू नये असं तिला वाटलं. ते तिचं होतं. तिनं वाकड्या काट्यानं केकचा पहिला घास घेतला.