साखळीचा पडदा

बेसा भागातल्या घराच्या उतरत्या छताखाली पूर्वी ट्रंका आणि जुना कूलर पडलेला असायचा. तिथं सुनेसाठी, मेघासाठी खोली काढली, कारण तिचं ऑफिसचं बरंचसं काम घरूनच चाले. उजेडासाठी छतातच काचेच्या दोन खिडक्या बसवल्या. मार्चपर्यंत सगळ्यांनी कौतुक केलं. एप्रिल लागला आणि बारानंतर काचेतून असं ऊन उतरू लागलं की घरातला एकुलता एक एसीही तिथं हात टेकायचा.

पडदे लावायचे हे ठरलं, पण कोणते, यावर सासूसुनेचं जमेना. दुकानदार रुपराव दोन नमुने दोन खिडक्यांना बसवून गेले. दोन दिवस वापरून बघा म्हणाले. एक आकड्याच्या काठीनं ओढायचा, दुसरा लांब लोंबत्या साखळीनं. साखळी भिंतीला ताणून बसवायची क्लिप पक्क्या फिटिंगच्या वेळी लावतो, तोवर लेकराला जवळ जाऊ देऊ नका, असंही त्यांनी बजावलं.

मेघाला काठीचाच हवा होता. तिची लेक मैत्री दीड वर्षाची, दिसेल ते ओढणारी. पण सासूचा, मायाबाईंचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला. काठी वर नेताना जीव कळवळायचा. त्यातून, तीन लेकरं वाढवलेल्या बाईला सुनेनं सावधगिरी शिकवावी, हे त्यांना झोंबलं होतं. साखळीचाच घ्यायचा, असं त्यांनी निक्षून सांगितलं.

बुधवारी मेघा रामदासपेठेतल्या ऑफिसात गेली. दुपारी वरच्या खोलीत मायाबाईंनी साखळीचा पडदा ओढला, नातीला खिडकीखालच्या पलंगावर थोपटून झोपवलं. खाली बेल वाजली. कुरिअर होतं. सही करून, शेजारणीशी दोन शब्द बोलून त्या वर आल्या.

मैत्री पलंगावर होती, पण झोपलेली नव्हती. साखळीचा फास गळ्यात, गुडघे वाकलेले, तोंड उघडं. आवाज नाही.

मायाबाईंनी तिला त्याच आखडलेल्या हातानं उचललं आणि दुसऱ्यानं साखळी डोक्यावरून काढली. खांदा दुखल्याचं त्यांना कळलंसुद्धा नाही. एक क्षण काहीच झालं नाही. मग पोरीनं श्वास ओढला आणि रडू फुटलं. त्या तिला छातीशी धरून जमिनीवरच बसल्या. अर्ध्या तासानं मैत्री पाणी पिऊन वाटीचमच्याशी खेळू लागली. मानेवर तांबडा वळ तेवढा राहिला.

मायाबाईंनी त्यावर पावडर लावली.

प्रेमानंदला, मुलाला, फोन करावा म्हणून नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. पोर तर खेळतेय. काठीचाच घे म्हटलं की झालं, कोणाला कळणार?

सहाला मेघा आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, मी विचार केला. तुमचा खांदा दुखते, मी उगाच अडून बसली. साखळीचाच ठेवू."

"नाही. काठीचाच घे," त्या म्हणाल्या.

मेघा हसली. तुम्ही माझ्यासाठी त्रास काढता, म्हणाली. ते हसू मायाबाईंना सोसवेना.

"तुझ्यासाठी नाही वं. मी खाली गेली होती. साखळी पोरीच्या गळ्यात अडकली. मी आली तवा आवाज बी निघत नव्हता तिचा. आन् मी वळावर पावडर लावली, तुले दिसू नये म्हणून."

मेघानं मैत्रीला उचललं, ओढणीच्या टोकानं मान पुसली आणि वळ बघितला. तशीच चप्पल घालून डॉक्टरकडे निघाली. मायाबाई मागोमाग गेल्या. रिक्षात दोघींच्या मध्ये पोर होती, तरी सुनेचं अंग ताठ झालेलं त्यांना जाणवत होतं. डॉक्टरांनी घसा, श्वास, डोळे तपासले. धोका नाही म्हणाले, पण रात्रभर लक्ष ठेवा, आणि असं घडलं की लगेच आणायचं असतं, हेही सुनावलं. मायाबाईंनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी रुपराव साखळी काढून घेऊन गेले. दोन्ही खिडक्यांना काठीचे पडदे लागले. आठवडाभर मेघा सासूशी कामापुरतं बोलली आणि मैत्रीला एक मिनिट नजरेआड होऊ दिलं नाही.

पुढच्या बुधवारी ऑफिसची बॅग खांद्याला लावून ती दारात बराच वेळ उभी राहिली. मग मैत्रीला मायाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"झोपली तरी तिच्याजवळच बसजा, आई. बेल वाजली तर वाजू द्या."

"नाही उठत," मायाबाई म्हणाल्या.