काटा खरा होता

गडमुडशिंगीच्या माळावर अमावास्येला गर्दी लोटायची ती देवाला नव्हे, काट्याला. गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपा तोलायचा जुना लोखंडी काटा. त्याला गुलाल फासलेला, झेंडूची माळ घातलेली. पलीकडे पत्र्याची बिनखिडकीची खोली. सकाळी बाई काट्यावर चढायची, मग त्या खोलीत जायची आणि दिवस कलता बाहेर येऊन पुन्हा चढली की तीन-चार किलोनं उतरलेली असायची. "हलकं झालं!" अशी आरोळी उठायची आणि त्या आरोळीवरूनच नाव पडलेले हलके महाराज डोळे मिटून हात वर करायचे.

"डाक्टर चरबी बगतो, मी पाप बगतो," महाराज सांगायचे. "चरबी म्हंजे साठल्यालं पाप. ते घामावाटं भाईर पडतं. पर ध्यानात ठेवा, पाणी प्यालं की पाप आल्या वाटंनं म्हागारी शिरतं!"

आता घरी गेलेली बाई पाणी पिणार नाही तर काय करणार? चार दिवसांत वजन जिथल्या तिथं. मग महाराज डोळे वटारायचे, "तुजंच मन चोर. जीभ आवरली न्हाईस." बाई मान खाली घालून पुढच्या अमावास्येला हजर. चमत्कार झाला तर महाराजांचा, फसला तर बाईचा. असा सौदा गुळाच्या बाजारातही कुणाला मिळत नाही.

आकाराम पैलवान काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तालीम सुटल्यापासून त्याचा जन्म गुळाच्या बाजारात गेलेला. काटा मारायच्या नाना तऱ्हा त्याला ठाऊक. पहिल्याच खेपेला त्यानं घरून सरकारी शिक्क्याची वजनं आणून काट्यावर ठेवली, खालून हात फिरवून काही चिकटवलंय का तेही चाचपलं. काटा तंतोतंत खरा निघाला. झालं! काटा खरा म्हणजे महाराज खरा, असा निकाल त्यानं बायकोला, सरुबाईला देऊन टाकला. दोघांनी लेकीला, निशिगंधाला माळावर आणलं.

निशिगंधा बी.कॉम. झालेली, अंगानं भरलेली, तोंडानं हसरी. तिला बघून गेलेल्या गारगोटीच्या पाहुण्यांनी निरोप धाडला होता : पोरगी जरा उतरली तर पुढचं बोलू. तेव्हापासून तिचं हसू आटत चाललं होतं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यातली तिची ती तिसरी अमावास्या. दारातच महाराजांनी आकारामच्या ढेरीवर कौतुकानं थाप मारली.

"पैलवान, तुमचं अंग म्हंजे देवाचं देणं! पोरीच्या अंगात मातर लई साठलंय."

आकाराम खूश झाला. जोर-बैठका कधीच सुटल्या होत्या, दुधा-तुपाचा खुराक तेवढा चालू होता. पण त्याला कुणी पापी म्हटलं नव्हतं. निशिगंधानं बापाच्या पोटाकडं पाहिलं, मग स्वतःकडं. तिनं महाराजांनी दिलेला मधातला अंगारा चाटला आणि ती आत गेली. बाहेरून कडी लागली.

आत धुनी पेटलेली, प्रत्येकीच्या अंगावर घोंगडं. सकाळी जपाचा आवाज चांगला खणखणीत येत होता. ऊन चढलं तसा तो विरळ झाला, मग नुसतं कण्हणं ऐकू येऊ लागलं. आकारामनं पत्र्याला हात लावला तर चटका बसला. त्या घामट घोंगड्याच्या वासानं त्याला काहीतरी आठवू पाहत होतं, पण ते काय ते ध्यानात येईना, आणि उगाचच भीती वाटू लागली.

"आबा," आतून निशिगंधा बोलली. आवाज तिचा वाटत नव्हता. "पायात गोळं येत्यात वो. हात वाकडं व्हायल्यात."

"सोस जरा, बाळ," सरुबाई म्हणाली. "पाप जाताना तरास द्यायाचंच की."

गोळे. वाकडे हात. घोंगडं. आकारामला एकदम आठवलं. केरबा! त्याचा तालमीतला जोडीदार. वजनगटात बसायला थोडा जादा भरला म्हणून घोंगडं पांघरून, पाणी तोडून बैठका मारत होता. त्यालाही असेच गोळे आले, हात असेच वाकडे झाले, आणि काट्यावर चढायच्या आधीच केरबा गेला. तालमीत याला वजन तोडणं म्हणायचे. अंगातून काय जातं ते पोरासोरांना ठाऊक होतं : पाणी.

"कडी काडा!"

महाराज आडवे आले. "धुनी मोडली तर घराण्याचा निर्वंश हुईल, पैलवान!"

"घरानं आत हाय माजं!" म्हणत आकारामनं खांद्यानं दार पाडलं.

निशिगंधाचे ओठ पांढरेफटक, नजर ठरत नव्हती. तिला रिक्षात घालून त्यानं कोल्हापूर गाठलं. डॉक्टर संघप्रिया कांबळे यांनी सलाईन लावली आणि छातीच्या ठोक्यांचा कागद पाहून त्या गंभीर झाल्या.

"ठोके मधेच चुकतायत. रक्तातले क्षार पार घसरलेत. नुसत्या घामानं एवढं होत नाही. काय खायला दिलं होतं?"

सरुबाईनं पदराच्या गाठीतली अंगाऱ्याची पुडी काढली. ती पुडी तपासणीला पाठवली. राखेत लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची पूड निघाली.

पोरगी वाचली. उठून बसल्यावर तिनं पहिला प्रश्न डॉक्टरांनाच टाकला, "माझी मैत्रीण म्हणते, आहेस तशी झकास आहेस, लोकांना काय करायचंय. आई म्हणते, तोंड आवर. खरं कुणाचं?"

"अंगाची लाज धरू नकोस, हे मैत्रिणीचं खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुझं ब्लड प्रेशर वाढलंय, ते कौतुकानंही उतरत नाही आणि टोमण्यानंही. रोज चालावं लागेल, ताट बदलावं लागेल. आणि ते एकटीचं बदलून भागणार नाही. तुमच्या घरी तूप किती लागतं, आणि कुणाला?"

सरुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं फरशीकडं.

"पैलवान, बाही वर करा."

देवाच्या देण्याचं प्रेशर लेकीपेक्षा जास्त भरलं.

पुढच्या अमावास्येला आकाराम आणि डॉक्टर माळावर उभे राहिले. जाणत्या दोघा-चौघांसोबत पोलिसपाटीलही होते.

"म्हाराज, आज तुमी चडा," आकाराम म्हणाला. "आनि काट्यावर हुबं ऱ्हाऊनच ह्यो तांब्या प्या."

"मला उपास हाय," महाराज पुटपुटले.

गर्दीतून बयाबाई पुढं झाली. महाराजांची जुनी भक्त. तिनं हात जोडले, "प्या की म्हाराज. तुमच्या अंगात पाप न्हाई. काटा हलायचाच न्हाई, बगू दे ह्यास्नी."

श्रद्धेनं असं कोंडीत धरल्यावर महाराज जातात कुठं? चढले. वजन झालं. तांब्या रिकामा झाला आणि काट्याची दांडी सावकाश वर गेली.

"बगा पावणं," आकाराम गरजला, "एक तर म्हाराजांच्या अंगात तांब्याभर पाप शिरलं, न्हाईतर पान्याला वजन हाय. कायबी एक कबूल करा!"

लोक हसले. डॉक्टरांनी घामाचं, गोळ्यांचं सगळं समजावून सांगितलं : चरबी हलतही नाही, जातं ते जीव धरून ठेवणारं पाणी. पोलिसपाटलांनी महाराजांचं मनगट धरलं. बयाबाई मात्र हसली नव्हती. ती त्या रिकाम्या तांब्याकडं बघत मटकन खाली बसली.

"माजी सून हितनं घरी आली आनि पाणी पाणी करत ऱ्हायली," ती म्हणाली. "म्या दिलं न्हाई. पाप शिरंल म्हनून. सकाळी हाक मारली, तर उठलीच न्हाई. दिसकार्याला आल्याली लोकं म्हनली, तिचंच मन चोर हुतं. म्याबी तसंच म्हनलं."



काटा खरा होता, आजही खराच आहे. तो फक्त आकडा सांगतो. तो आकडा कशामुळं घटला, हे विचारणं आपलं काम, आणि तेच आपण महाराजांवर सोपवलं होतं. तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढं विचारा : गेलं ते काय गेलं? आणि कुणाच्या लेकीसुनेच्या अंगावरून तिचं पाप तोलायला कुणी निघाला, तर आधी तिला पाणी द्या.