तीन तारांची केबल

केडगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी दुपारी साडेतीनला पंचवीस-तीस पालक दाटीवाटीनं बसले होते, आणि चारला लाइट जाणार होती. समोरच्या दोन्ही कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाच मिनिटांपासून एकच ओळ होती : दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे. दीपानं घड्याळाकडं पाहिलं.

सत्त्याण्णव साल होतं. शामकांत सरांनी टायपिंगच्या जोडीला कॉम्प्युटरचा क्लास काढला होता आणि शिकवायला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या दीपाला घेतलं होतं. दोन कॉम्प्युटर तारेनं जोडून दोघांना समोरासमोर गाड्यांची शर्यत खेळता येते, ती पालकांना दाखवू, ही कल्पना तिचीच. सरांचा सुहास पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला होता, "त्याला कार्ड लागतं. नुसत्या तारेनं कॉम्प्युटरचं पोर्ट जळेल."

"जळालं तर सोमवारपासून येऊ नकोस," सरांनी दीपाला बजावलं होतं.

दोनांतला जुना कॉम्प्युटर दुरुस्तीहून त्याच सकाळी परत आला होता. दीपानं घरी बनवलेली केबल आधी लावून बघायला सवडच मिळाली नव्हती.

"दीपा, राहू दे आता," सर हळूच म्हणाले. "लोक चुळबुळ करतायत."

"पाच मिनिटं द्या, सर."

तिनं दोन्हीकडचा माहिती पाठवण्याचा वेग तपासला. सारखाच होता. मग कॉम्प्युटर बंद करून केबल काढली. तारा जोडणारे कथलाचे सगळे डाग पक्के होते. तिचे वडील भाऊसाहेब साखर कारखान्यात फिटर. सोल्डरिंग तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग चुकलं कुठं?

तिनं केबलची दोन्ही टोकं शेजारी धरली. नव्या कॉम्प्युटरचं टोक लहान, नऊ पिनांचं. जुन्याचं रुंद, पंचवीस पिनांचं. तेव्हा तिच्या लक्षात आलं. लहान टोकात दोन नंबरची पिन ऐकते आणि तीन नंबरची बोलते. रुंद टोकात नेमकं उलट. तिच्या डिप्लोमाच्या वहीतली आकृती दोन लहान टोकांची होती. ती बघून तिनं दोनाची तार तिनाला जोडली, आणि बोलणारी पिन बोलणारीलाच मिळाली.

"काय झालं?" सुट्टीला घरी आलेल्या सुहासनं विचारलं.

"तारा उलट्या लागल्यात. दोनाला दोन, तिनाला तीन पाहिजे. तिसरी तार बरोबर आहे."

सोल्डरिंग आयर्न तापायला वेळ लागला. मागच्या खुर्चीवरून भाऊसाहेब उठून आले.

"आन हिकडं, मी धरतो."

"आप्पा, चटका बसंल."

"बसू दे. तू हात हलू देऊ नकोस."

त्यांनी बोटांच्या चिमटीत तार धरली. सगळी खोली बघत होती. पहिला डाग बसला. दुसऱ्याला कथील ओघळून शेजारच्या पिनेला लागलं. तिनं ते काढलं, पुन्हा डाग दिला. भाऊसाहेबांनी ओठ घट्ट मिटले, पण तार सोडली नाही.

चारला सात मिनिटं कमी. केबल लावून तिनं बटणं दाबली. जुना कॉम्प्युटर घरघरत, मेमरी मोजत बसला. मोजून संपता संपेना.

अखेर गेम उघडला. पुन्हा तीच ओळ.

ओळ गेली. दोन्ही पडद्यांवर एकच रस्ता आला, आणि त्यावर लाल नि निळी, दोन गाड्या.

"सर, बसा. आप्पा, तुम्ही तिकडं."

"मला न्हाई येत गं."

"बाणाची बटणं दाबा फक्त."

सरांची टायपिंगची बोटं भराभर चालली आणि त्यांची गाडी पहिल्याच वळणाला कठड्यावर धडकली. भाऊसाहेबांची निळी गाडी संथपणे बाजूनं पुढं गेली. "सर, ती बघा, तुमच्याबी पडद्यावर माझीच गाडी!" ते ओरडले, आणि खोलीत एकच हशा पिकला.

"परत लाव," सर म्हणाले. दुसरी शर्यत निम्मी झाली असताना लाइट गेली, तरी कुणी उठेना.

सुहासनं केबल खिडकीच्या उजेडात नेऊन निरखली. "ही आकृती मला काढून देशील?"

दीपानं त्याच्या वहीत दोन टोकं काढली, एक लहान, एक रुंद. "आधी पिना बघून घे," ती म्हणाली. "मी तिथंच चुकले होते."